वडील आठ वाजता घरी असावेत

एक मार्क म्हणजे काय चीज असते, हे लातूरबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दुसऱ्या गावात एक मार्क गेला तर पोरगं दप्तर फेकतं आणि खेळायला जातं. आमच्याकडे एक मार्क गेला की आधी घर गप्प होतं, मग शेजारचे भेटायला येतात आणि निघताना दारात उभं राहून हळू आवाजात 'जाऊ द्या, पुढच्या टेस्टला भरून निघंल' म्हणतात. अशा गावात मी, मल्लिनाथ हलकुडे, बियाणे कंपनीच्या डेपोतला हेडक्लार्क, एका मुलीचा बाप आहे. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि गावाचा किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

आमची वर्षाराणी आठवीत आहे. तिच्या क्लासमध्ये दर रविवारी इंग्रजीची पंचवीस मार्कांची टेस्ट असते. एका सकाळी मी चहा घेत असताना तिनं पेपर सहीसाठी पुढे ठेवला. चोवीस.

"एक कुठं गेला?" हे मी विचारलं नाही, ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"सातव्या प्रश्नात," ती वेणीला रिबीन बांधत म्हणाली.

मी चष्मा लावला. माझं इंग्रजी तसं वाईट नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा सगळा मजकूर, अगदी खालचा बारीक इशारासुद्धा, मी न अडखळता वाचतो. पण हा प्रश्न पिशवीवरचा नव्हता. 'इट इज एट ओक्लॉक ॲट नाइट. फादर डॅश बी ॲट होम.' पुढे दोन शब्द दिले होते, मस्ट आणि माइट. त्यातला एक निवडून भरायचा. वर्षाराणीनं माइट भरलं होतं आणि मॅडमनी त्यावर लाल पेनानं अशी फुली मारली होती की कागद मागून फुगला होता.

"म्हणजे काय गं हे?"

"रात्रीचे आठ वाजलेत. मस्ट घातलं तर वडील नक्कीच घरी असणार. माइट घातलं तर असतील बी, नसतील बी. काही सांगता येत नाही."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"आणि त्याच्या खालचा प्रश्न काय हाय?" शिवकन्येनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतूनच विचारलं.

"मदर इज डॅश इन द किचन. डेफिनेटली का पॉसिबली."

"तू काय लिवलीस?"

"डेफिनेटली. म्हणजे अगदी नक्की."

"बरोबर आलं?"

"हाव. पूर्ण वर्गाचं बरोबर आलं."

"येणारच," शिवकन्या म्हणाली आणि भाकरी पुन्हा थापायला लागली. या वेळी जरा जोरात.

इथं एक खुलासा करणं मला भाग आहे. आमचा डेपो सहाला बंद होतो. त्यानंतर मी रामलिंगच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसतो. तिथं एक बाकडं आहे, चार समविचारी माणसं आहेत, आणि सोयाबीनचे भाव, पाऊसपाणी, देश वगैरे गोष्टींचा कुणीतरी विचार करायला लागतो. तो विचार साडेनवाच्या आत संपत नाही. याला कुणी भटकणं म्हणत असेल तर म्हणो. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात हे काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त मार्क होता. मी पेपर घेतला आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या शेषेराव गुरुजींना हाक मारली.

गुरुजी बिलोलीकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. शाळा सुटली, पण तपासणी सुटली नाही. रस्त्यावरच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं ते चुका काढत वाचतात. त्यांनी पेपर दोन्ही हातांत धरून लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाले, "मल्लिनाथ, मुलीचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे."

माझा ऊर भरून आला.

"फक्त एकच गोष्ट सिद्ध करावी लागेल."

"कोणती?"

"की तुम्ही आठ वाजता घरी नसता."

"गुरुजी!"

"मग सोडून द्या. तुम्ही आठला घरी असता असं म्हणायचं असेल तर मुलीचं उत्तर चूक, आणि मार्क गेला तो बरोबर गेला. व्याकरण फार निष्ठुर असतं." त्यांनी भिंतीवर बोट आपटलं. "आता याचं मराठी करा. 'वडील आठ वाजता घरी असावेत.' हा अंदाज झाला का अपेक्षा?"

"दोन्ही," मागून शिवकन्या म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं.

म्हणजे मार्क वाचवावा तर इज्जत जाते आणि इज्जत वाचवावी तर मार्क जातो. मुंबईपुण्याच्या माणसानं इथं आठवडाभर विचार केला असता. मी लातूरचा आहे. मी म्हणालो, "सिद्ध करू."

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून तारामतीकाकूंनी डोकं वर काढलं. काकूंना वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यांना सगळं ऐकू आलेलंच असतं.

"भाऊ, मी लिवून देते की," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी जिथं लागती ना, तिथं माझी मांजर सांजंपासनं झोपती. तुमी साडेनवाला आलात की उठती. रोजचं हाय. उगं कशाला फिकीर करता?"

मांजरीचा जबाब घ्यावा लागेल अशी वेळ माझ्यावर आली होती, पण गुरुजींनी तो मुद्दा कागदावर टिपून घेतला. तारामतीकाकूंची सही घेतली. शिवकन्येला विचारलं तर ती म्हणाली, "मी न्हाई बाई सही करत. सही करायला बसले तर एका कागदावर भागायचं न्हाई."

क्लासची इमारत तीन मजली आहे. खाली चौकशीच्या खिडकीत एक तरुण बसला होता. मी अर्ज पुढे सरकवला.

"पुरावा म्हणून पुस्तकाचं पान जोडा," तो म्हणाला.

"शेजाऱ्यांचा जबाब जोडलाय."

त्यानं जबाब वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच शर्टाची गुंडी लावली. "वरती उज्वला मॅडमना भेटा," तो म्हणाला.

उज्वला मॅडम नांदेडच्या. वयानं लहान, बोलायला गोड, पण उत्तराच्या बाबतीत लोखंड. "तुम्ही वर्षाराणीचे पप्पा का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांचा चेहरा असा झाला, की वर्गातल्या पोरींच्या बोलण्यात माझं नाव आधीच येऊन गेलं असावं.

"सर, हे वाक्य तुमच्याबद्दल नाहीये. हे जनरल फादर आहेत."

"जनरल फादर राहतात कुठं?"

"पुस्तकात."

"मग त्यांना आठला घरी यायला काय जातं? त्यांना ना डेपो, ना दोस्त. वाक्यात एवढं एकच काम त्यांना दिलेलं असतं. माझ्या मुलीनं खऱ्या माणसाबद्दल लिहिलंय."

"सर, वेळ दिलीय म्हणजे त्यावरून खात्रीनं अनुमान काढायचं. रात्री आठ वाजता वडील घरी असतातच. म्हणून मस्ट."

"सगळेच नसतात, मॅडम."

"तुम्ही कुठे असता?"

मी उत्तर देणार होतो, पण मागे एवढे पालक बसलेले आणि सगळ्यांनी माना पुढे काढलेल्या. अशा वेळी 'रिवायंडिंगच्या दुकानात' हे उत्तर तितकंसं भारदस्त वाटत नाही. मी म्हणालो, "सामाजिक कामात असतो."

माझी त्यातून सुटका केली ती कस्तुराबाईंनी. या बाई निलंग्याकडच्या. लेकीच्या क्लाससाठी त्यांनी लातुरात खोली केली आहे. माय-लेकी इथं, नवरा गावाकडं. आमच्या गल्लीत अशा चार खोल्या आहेत. कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या एकदम उठून पुढं आल्या.

"मॅडम, माझ्या लेकीनं बी माइटच लिवलंय. तिचा बी मार्क कापलाव."

"तिचे पप्पा कुठे असतात?"

"गावाकडं. ऊस हाय, दोन म्हशी हायत, ते सोडून कसं येतेत? पर मला एक सांगा. घरी म्हंजे कोण्या घरी? खोलीवर म्हणलात तर ते न्हाईतच. गावाकडं म्हणलात तर हायतच. आन् इथं बसून पोरीनं काय लिवावं? तिला तिथलं दिसतंय का?"

मॅडमनी उत्तरसूची उघडली. उत्तरसूचीत मस्ट होतं, घराचा पत्ता नव्हता. तोवर बाकीच्यांनाही वाचा फुटली. एकाचं म्हणणं, तो एसटीत ड्रायव्हर आहे, आठ वाजता तो कुठे असेल हे त्याच्या आगाराला सांगता येत नाही, तर पोराला काय सांगता येणार. दुसरा म्हणाला की मी रोज सातलाच घरी असतो आणि माझ्या पोरानं मस्टच लिहिलंय, तेव्हा ह्यांना मार्क दिलात तर माझ्या सातला घरी येण्याला किंमत काय राहिली? त्यावर ड्रायव्हर त्याच्या अंगावर गेला. आवाज वाढला तसे संचालक वीरेश सर केबिनमधून बाहेर आले.

वीरेश सर कधीच नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. ते म्हणाले, "उत्तरं आमची विषय कमिटी ठरवते. कमिटी नांदेडच्या शाखेत बसते. तुमचे अर्ज तिकडे पाठवले जातील. त्यावर विचार केला जाऊ शकतो."

एवढ्यावर मी समाधानानं घरी आलो. पण दोन दिवसांनी गुरुजींनी अर्जाची पोचपावती मागवली, उलटी केली आणि मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला. "'गरज वाटल्यास क्लासचे प्रतिनिधी पालकांच्या घरी भेट देऊ शकतात.' बघा."

"म्हणजे येणार?"

"येऊ शकतात."

"म्हणजे येतीलच असं नाही?"

"येणार नाहीत असंही नाही. आणि आले तर कधी येतील? वाद आठचा आहे, तेव्हा आठलाच येतील."

आता या मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली होती, ती सांगायची राहिली. फाटकातून जाता-येता तारामतीकाकू "काय भाऊ, आज माइट का मस्ट?" असं विचारू लागल्या होत्या. दूधवाला हसायचा. म्हणून म्हणा, किंवा दुसऱ्या कशानं म्हणा, मी दोन दिवस डेपोतून सरळ घरी गेलो होतो. पहिल्या दिवशी मला दारात बघून शिवकन्येनं विचारलं, "बरं वाटून न्हाई राहिलं का?" आणि कपाळाला हात लावून पाहिला. वर्षाराणीनं विचारलं, संप आहे का. घरी त्या वेळेला काय चालतं मला ठाऊकच नव्हतं. वर्षाराणी दारातल्या पायरीवर बसून मोठ्यानं पाठ करायची, शिवकन्या आतून चुका काढायची, मधेच दोघी कशावर तरी खदखदा हसायच्या आणि मी "काय झालं?" विचारलं की "काही न्हाई" म्हणायच्या. मी पेपर वाचत बसलो. सकाळचाच होता. पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तारामतीकाकू तक्रार घेऊन आल्या. "भाऊ, तुमी असं घरी येऊन राहिलात तर माझा जबाब खोटा पडंल की. मांजर बी गोंधळून गेलीया."

गुरुजींनी ते ऐकलं आणि हुकूम काढला, "निकाल लागेपर्यंत आठ वाजता घरी पाऊल टाकायचं नाही. प्रतिनिधी आले आणि तुम्ही दारात सापडलात तर केस संपली."

अशा रीतीनं, वर्षानुवर्षं जे मी आनंदानं करत आलो होतो ते मला सक्तीनं करावं लागलं. आणि सक्तीनं केल्यावर त्यात राम राहत नाही हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. बाकडं टोचत होतं. सोयाबीनचे भाव कालच्यासारखेच होते. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा रामलिंग म्हणाला, "मल्लू, तुला जायचं आसंल तर जा की बाबा."

"मला जाता येत नाही."

"कामून?"

मी सगळं सांगितलं. चारही समविचारी माणसं पोट धरून हसली. मी त्यांना इतकी वर्षं समविचारी का समजत होतो, याचा मला तिथंच बसून विचार करावा लागला.

पुढच्या दिवशी तर रामलिंग कुणाच्या तरी लग्नाला लोह्याला गेला आणि दुकानच बंद. आता जावं कुठं? मी बाजारपेठेतल्या गंजगोलाईत गेलो आणि गोल फिरलो. गोलाईला एवढे रस्ते येऊन मिळतात, की त्यातल्या कोणत्याही रस्त्यानं माणूस कुठेही जाऊ शकतो. मी फक्त घरी जाऊ शकत नव्हतो. भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. त्या संपल्या. आठ वाजले तेव्हा घरी फोन लावला.

"काय चाललंय?"

"जेवून राहिलो. भरली वांगी केलती," शिवकन्या म्हणाली.

"कुणी आलं होतं का क्लासकडून?"

"न्हाई."

"मग मी येऊ का?"

मागून वर्षाराणीच्या हसण्याचा आवाज आला. "गुरुजींना विचारा," शिवकन्या म्हणाली.

गुरुजी म्हणाले, साडेआठपर्यंत थांबा, प्रतिनिधीला उशीर होऊ शकतो.

आठवडा असा गेला. प्रतिनिधी आला नाही, नांदेडहून उत्तर आलं नाही, आणि वीरेश सरांना विचारलं की ते म्हणायचे, "येऊ शकतं." शेवटी मी डेपोत एक किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं नांदेड गाठायला निघालो. रजेच्या अर्जात कारण काय लिहावं हा प्रश्नच होता. 'मुलीचे वडील घरी नसल्याचे सिद्ध करण्याकरिता' असं लिहिलं असतं तर साहेबांनी मला परस्पर दवाखान्यात पाठवलं असतं. मी 'कौटुंबिक' लिहिलं. अहमदपूरला बस अर्धा तास थांबली, लोह्याला ड्रायव्हर चहाला उतरला आणि चहा पिऊन आणखी कुणाशी तरी बोलत बसला. कंडक्टरला विचारलं, नांदेडला कधी पोचू? तो म्हणाला, "पोचू की." या उत्तरात मस्ट होतं का माइट, हे ठरवत मी बाकीचा प्रवास केला.

नांदेडच्या शाखेत मला वाटलं होतं मोठं टेबल असेल, पाच-सहा तज्ज्ञ असतील, पाण्याच्या बाटल्या असतील. एका छोट्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ डबा उघडून बसले होते.

"कमिटी कुठं बसते?"

"बसलेलीच आहे," ते म्हणाले. "मीच. शरणप्पा. या, दोन घास खा."

शरणप्पा सर देगलूरकडचे. त्यांच्या मराठीत मधेच कन्नड डोकवायचं आणि इंग्रजी मात्र एखाद्या बॅरिस्टरासारखं. मी सगळी हकीकत सांगितली, जबाब दाखवला. मांजरीपाशी आल्यावर त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "तुम्ही मार्कासाठी एवढ्या लांब आलात?"

"लातूरहून आलोय, सर."

"हां, मग बरोबर." त्यांनी चटणी माझ्याकडे सरकवली. "हे बघा, हा प्रश्नच मला पसंत नव्हता. माणसाबद्दल खात्री विचारायची असेल तर आधी माणसाची ओळख द्यावी लागते. इंग्रजाला खात्री नसली की त्याच्याकडे किती शब्द आहेत बघा. मे, माइट, कुड, परहॅप्स, प्रॉबेबली. प्रत्येकाचं वजन वेगळं. आपल्याकडे काय आहे?"

मी विचार केला. "आपल्याकडे 'बघू' आहे."

"बस्स!" सर खूश झाले. "एकाच शब्दात सगळं. ह्याची परीक्षा कशी घेणार?"

त्यांनी जेवणानंतर हात धुऊन, कोऱ्या कागदावर, सुंदर अक्षरात निर्णय लिहून दिला. इंग्रजीत होता. त्यांनीच मला अर्थ सांगितला, माइट हे उत्तरही स्वीकारता येईल. मी तो कागद खिशात न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत छातीशी धरला आणि परतीच्या बसमध्ये बसलो. लोह्याच्या पुढं एकदा टायर बसला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी, गुरुजी आणि कस्तुराबाई अशा तिघांचं शिष्टमंडळ वीरेश सरांच्या केबिनमध्ये गेलं. सरांनी कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"यात काय लिहिलंय? 'मे आल्सो बी ॲक्सेप्टेड.'"

"म्हणजे स्वीकारावं," मी म्हणालो.

"स्वीकारावं नाही. स्वीकारलं जाऊ शकतं. मे आहे ना. मस्ट असतं तर मला द्यावाच लागला असता."

"अहो, इथं मे म्हणजे परवानगी!" गुरुजी ओरडले. "शक्यता नव्हे!"

"कशावरून?"

"संदर्भावरून!"

"संदर्भ उज्वला मॅडमना विचारावा लागेल."

उज्वला मॅडमना बोलावलं. त्यांनी कागद वाचला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की हे परवानगीचं असू शकतं, शक्यतेचंही असू शकतं. गुरुजी खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी शरणप्पा सरांना फोन लावला. लागला नाही. कस्तुराबाईंनी इतका वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. आता त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि केबिनमधल्या सोफ्यावर मांडी घातली.

"काय करताय?" वीरेश सरांनी विचारलं.

"जेवते. तुमचं चालू द्या. माझी खोली जवळच हाय, सांजंला पुन्ना डबा आणते."

बाहेर एसटीवाला ड्रायव्हर आला होता, त्याच्याबरोबर आणखी काही पालक होते, आणि रोज सातला घरी जाणारा तो गृहस्थही प्रति-आक्षेप घेऊन आला होता. वीरेश सरांनी काचेतून बाहेर पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "प्रश्न रद्द. सगळ्यांना एक मार्क."

"ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांना पण?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना पण."

अशा प्रकारे आम्ही जिंकलो. वर्षाराणीला पंचवीसपैकी पंचवीस झाले. निम्म्या वर्गालाही तेवढेच झाले. सारखे मार्क असले की यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावतात आणि वर्षाराणीचं नाव व्हीनं सुरू होतं, त्यामुळे फळ्यावर तिचं नाव पंचवीसवाल्यांच्या तळाला लागलं. तिच्या वर एक पोरगा होता, त्यानं सातव्या प्रश्नाच्या जागी फुलाचं चित्र काढलं होतं.

त्या संध्याकाळी मी डेपोतून थेट घरी आलो. आता केस संपली होती, कोणी अडवणारं नव्हतं. शिवकन्येनं माझ्यापुढं वालाच्या शेंगांचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "रिकामेच बसलाव तर एवढ्या निवडा." मी निवडायला बसलो. वर्षाराणी पायरीवर गणितं करत होती.

बरेच दिवस एक प्रश्न विचारायचा राहिला होता. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "वर्षा, तू ते माइट लिहिलंस... ते माझ्यामुळं का गं?"

"काय?"

"म्हणजे, मी उशिरा येतो, म्हणून तुला वाटलं का, की..."

तिनं वहीतून डोकं वर काढलं. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "न्हाई पप्पा. मला दोन्हीचा अर्थच आठवत नव्हता. डोळे झाकून बोट ठेवलं, ते माइटवर पडलं."

"आणि मग मला अर्थ कसा सांगितलास?"

"पेपर मिळाल्यावर मॅडमनी सांगितलेला."

आतून शिवकन्येच्या हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ थांबला नाही. मांजरीचा जबाब, गोलाईतल्या फेऱ्या, नांदेडची एसटी, छातीशी धरलेली ती प्लॅस्टिकची पिशवी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी एक शेंग मोडली. आत कीड होती. टाकून दिली.

"पण पप्पा," वर्षाराणी म्हणाली, "मग सगळे तुमच्याबद्दलच बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, बरोबरच हाय की आपलं." आणि ती पुन्हा गणिताकडे वळली.

मी पुढची शेंग उचलली. तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात शेंगांत होते, म्हणून तिनंच उचलला. रामलिंगचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. बाकडं रिकामं पडलंय, मल्लू कुठं हाय, असं तो विचारत होता.

"पप्पा घरी हायत, काका," वर्षाराणी म्हणाली. मग माझ्या ताटाकडे एक नजर टाकून तिनं जोड दिली, "वालाच्या शेंगा निवडून राहिलेत."

पलीकडे चार समविचारी माणसं एकदम हसली. वर्षाराणीनं फोन बंद करून माझ्या गुडघ्याशी ठेवला आणि म्हणाली, "शेंगांचं झालं की मला एक गणित सांगा. तुम्हाला येत असलं तर."